सल्ल्याचे टेबल व त्यामागील माणसे
(महोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभागृहात प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत धर्मगुरू बोलावयास उभा राहिला म्हणजे त्याने पूर्वजांची थोरवी गावी, देवळाच्या बांधणीची हकीकत सांगावी आणि अखेरीस दोन आशीर्वचने उच्चारून खाली बसावे, अशी रूढी आहे. रूढी वाईट नाही. परंतु स्मरणिकेच्या इतर पानांवर ते काम आम्हांपेक्षा अधिक माहितगार मंडळींनी केले आहे, आणि जेवणाची वेळही जवळ येत चालली आहे; म्हणून आम्ही एकच विषय घेऊन उभे आहोत. तो विषय म्हणजे सल्ला. अधिक नेमके सांगावयाचे तर, लोकांस विनामूल्य सल्ला देणाऱ्या संस्थेत स्वयंसेवकाने करावयाची कामे कोणती, आणि आपल्यापैकी कोणी कोणते काम उचलावे, हा.

भुकेल्यास अन्न, उघड्यास वस्त्र, आजाऱ्याची भेट ही दयेची शारीरिक कृत्ये आपणांस बालपणापासून पाठ आहेत. आत्मिक कृत्यांच्या यादीत संशयात पडलेल्यास सल्ला देणे हेही एक कृत्य आहे. पण ते तोंडाने म्हणून झाले की आपण पुढे जातो, कारण सल्ला देणे हे आपणांस फार सोपे वाटते. ज्याला त्याला सल्ला देण्याची हौस असलेली माणसे प्रत्येक गावठाणात व प्रत्येक सोसायटीत विपुल आहेत. त्यांची उणीव आपणांस भासत नाही. उणीव आहे ती दुसऱ्याच प्रकारच्या माणसांची.

पूर्वीच्या काळी संकट दाराशी येई ते उपासमारीच्या अथवा साथीच्या रूपाने. आता ते पुष्कळदा लखोट्यातून येते. विमा कंपनीचे नकारपत्र, घरमालकाची नोटीस, बिल्डरचा करारनामा, बंद पडलेले पेन्शन, सुनेने किंवा मुलाने सहीकरिता पुढे केलेले बक्षीसपत्र. मरोळ, सहार, चकाला या आपल्या जुन्या गावांच्या शेतांवर कारखाने आणि विमानतळ आले, तेही प्रथम कागदावरच आले. ज्याला तो कागद वाचता आला नाही, त्याने तो शेजाऱ्याकडून वाचून घेतला, आणि शेजाऱ्याला जेवढे समजले तेवढेच त्याच्या पदरी पडले. मुंबई उपनगर जिल्हा १९९० साली निराळा झाला, त्याचे अंधेरी, बोरिवली व कुर्ला असे तीन तालुके आहेत आणि जिल्ह्याची मुख्य कचेरी वांद्र्यास आहे. मुलुंडच्या वृद्ध बाईस वांद्र्यास जावयाचे म्हणजे एका रेल्वेमार्गावरून दुसऱ्या मार्गावर जाणे आले, दादरचा जिना आला, आणि तेथे पोहोचल्यावर 'आज साहेब नाहीत' हे उत्तर आले. कचेरीच्या फाटकाबाहेर दलाल उभा असतोच. त्यास आपण शिव्या देतो. परंतु तो एक काम करतो जे आपण करीत नाही. तो त्या बाईला 'काय काम आहे?' असे विचारतो.

विनामूल्य सल्ल्याची व्यवस्था ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नव्हे. इंग्लंडात १९३९ च्या सप्टेंबरात महायुद्ध पुकारले गेले, आणि दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर रोजी, त्या देशात नागरिकांस सल्ला देणारी सुमारे दोनशे केंद्रे उघडली. रेशनपुस्तक कोठे मिळेल, बेपत्ता आप्ताचा शोध कसा घ्यावा, कर्जाचा हप्ता थांबविता येईल काय, असे प्रश्न घेऊन लोक येत. बाँबने उद्ध्वस्त झालेल्या वस्तीजवळ घोडे वाहून नेण्याच्या गाडीतही असे एक केंद्र चालविले गेले. तेथे बसणारी बहुतेक मंडळी वकील नव्हती. तद्वत आपल्या मुंबईतही. १९६६ साली नऊ स्त्रियांनी येथे कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली. ग्राहकांच्या संरक्षणाचा कायदा त्यानंतर वीस वर्षांनी, १९८६ साली झाला. म्हणजे कायदा येईपर्यंत त्या बायका हात बांधून बसल्या नाहीत. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत काम करीत आहे, आणि ती तर आपल्या शेजारीच, विलेपार्ल्यास आहे. शेजारशेजारची कुटुंबे गट करून महिन्याचे वाणसामान एकत्र मागवितात, हे तिचे काम पुष्कळांस ठाऊक आहे. तिचे कार्यकर्ते फसलेल्या ग्राहकांस मार्गदर्शन करतात, हे त्या मानाने थोड्यांस ठाऊक आहे. घरबांधणीवर देखरेख ठेवणारे महारेरा २०१७ साली सुरू झाले, आणि पुढील वर्षी बिल्डर व घर घेणारा यांच्यात समेट घडविण्याकरिता मंच निघाले. त्यांत घर घेणाऱ्यांच्या बाजूने बसावयास याच पंचायतीची माणसे पुढे आली.

सरकारही अगदीच झोपलेले नाही, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. मुंबई प्रांतात गरिबांस कायद्याचे साहाय्य कसे द्यावे याचा विचार करावयास न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ सालीच समिती नेमली गेली होती. राज्यघटनेत ३९-अ हे कलम १९७६ च्या दुरुस्तीने आले; विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा १९८७ चा, आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. त्या कायद्यान्वये कोणत्याही स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मागता येतो. मुले, अपंग, कामगार, अनुसूचित जाती-जमातींची माणसे व तुरुंगातील माणसे यांनाही तो हक्क आहे. १५१०० या क्रमांकावर फोन केल्यास माहिती मिळते. येथे बसलेल्या भगिनींपैकी किती जणींना हे ठाऊक होते? हात वर करू नका. आम्हांस उत्तर दिसतेच आहे.

२००९ पासून त्याच प्राधिकरणांनी विधी स्वयंसेवकांची योजना चालविली आहे. तिला कायद्याची पदवी लागत नाही. साधारण मॅट्रिकपर्यंत शिकलेला, समजूतदार मनुष्य घेतात, त्यास शिकवितात, ओळखपत्र देतात आणि लोक व न्यायालय यांच्यामधील पूल म्हणून उभा करतात. 'आम्ही काय वकील थोडेच आहोत' ही सबब यामुळे खोटी पडते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सल्ला-केंद्र म्हटले की काळा कोट घातलेला गृहस्थ आपल्या डोळ्यांपुढे येतो. तो हवाच, पण तो दुसऱ्या टेबलावर. आमच्या मते केंद्राचे बरेवाईट ठरते ते पहिल्या टेबलावर, जेथे आलेला मनुष्य प्रथम बसतो. तेथील स्वयंसेवकाचे काम उत्तर देणे हे नव्हेच. त्याचे काम ऐकणे. आणि ऐकणे किती कठीण आहे हे आम्हां धर्मगुरूंस विचारा. सारा जन्म ते शिकण्यात जातो. आलेली बाई आरंभी खऱ्या गोष्टीविषयी बोलतच नाही. ती विजेच्या बिलाविषयी विचारते. पंधरा मिनिटांनी कळते की मीटर दिराच्या नावावर आहे. आणखी दहा मिनिटांनी कळते की दिराने घर सोडून जाण्यास सांगितले आहे. पहिल्या पाच मिनिटांत ज्याने बिल कसे भरावे ते सांगून तिला वाटेस लावले, त्याने उत्तर बरोबर दिले आणि काम मात्र काहीच केले नाही.

ऐकता ऐकता एक गोष्ट लिहून घ्यावयाची असते, ती म्हणजे तारीख. यावर आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण यात खरा तोटा होतो. ग्राहक आयोगाकडे तक्रार करावयाची तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. १९८६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली, तो २० जुलै २०२० पासून चालू आहे, परंतु दोन वर्षांची मर्यादा कायम राहिली आहे. योग्य कारण दाखविल्यास आयोग उशीर माफ करू शकतो. पण 'कंपनीचा माणूस उद्या-परवा करतो म्हणत होता' हे कारण पुरेल अशी खात्री कोणी देऊ नये. आपले लोक भिडस्त. वॉशिंग मशीन बिघडले, दुकानदार गोड बोलला, एक पावसाळा गेला, दुसरा गेला. मग मनुष्य जागा होतो. त्याची बाजू खरी असते, पावती जपलेली असते, आणि मुदत मात्र टळलेली असते. पहिल्या टेबलावरील स्वयंसेवकाने कायद्याचे एक अक्षर न शिकता केवळ 'हे केव्हा घडले?' एवढे विचारून ती तारीख ठळक लिहिली, आणि मुदत जवळ आली असेल तर कागद त्याच दिवशी वकिलाच्या हाती दिला, तर त्याने एखाद्याचा हक्क वाचविला असे खुशाल समजावे. तीच बाई पुढे आयोगापुढे स्वतः उभी राहू शकते, वकील सक्तीचा नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीचे शुल्कही नाही. आणि ती जेथे राहते त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. हे सारे तिच्या बाजूचे आहे. फक्त ती वेळेत आली पाहिजे.

कधी कधी तर सही होण्यापूर्वी आली पाहिजे. वृद्ध आईबापांच्या पोषणाचा २००७ चा कायदा आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मागण्याची सोय त्यात आहे. परंतु ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली असेल तर म्हाताऱ्याची बाजू बळकट. नसेल तर झगडा वाढतो. 'माझा मुलगा आहे, अट कसली घालावयाची?' असे आपले वडीलधारे म्हणतात, आणि त्यांचे प्रेम आम्हांस समजते. तरीही सहीपूर्वी अर्धा तास कोणा तिऱ्हाइताशी बोलावे असे आम्ही आग्रहाने सांगू. मुलगा चांगला असेल तर त्या अटीने त्याचे काहीच बिघडत नाही.

कागदांविषयी दोन शब्द. मूळ कागद केंद्राने ठेवून घेऊ नयेत, एका रात्रीकरिताही नाही. झेरॉक्स काढावी, मूळ परत द्यावे, आणि परत दिल्याची नोंद वहीत करावी. ज्याला सुवाच्य अक्षर आहे व ज्याला वस्तू जागच्या जागी ठेवल्याशिवाय झोप येत नाही, अशा मनुष्याचे हे काम आहे. (अशी माणसे घरात त्रासदायक असतात असे त्यांच्या बायका सांगतात; केंद्रात ती रत्ने ठरतील.)

यानंतर एक अवघड गोष्ट बोलावयाची आहे. नवऱ्याने मारलेली स्त्री टेबलापाशी येते तेव्हा आपल्या भल्या माणसांच्या तोंडी प्रथम येणारा शब्द 'सोसून घे' हा असतो. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आहे, त्यात संरक्षण अधिकारी आहे, त्याच घरात राहण्याचा हक्क तिला आहे. हे तिला सांगणे हे केंद्राचे काम. ती काय करील हे ठरविणे तिचे. सल्ला-केंद्र हे प्रवचनाचे स्थान नव्हे. प्रवचनाकरिता रविवार आहे व आम्ही आहोत. आणि याच कारणास्तव आम्ही असे ठरविले आहे की, आम्ही स्वतः त्या टेबलावर बसणार नाही. धर्मगुरू समोर असला म्हणजे माणसे आपणांस आवडेल ते सांगतात, घडले ते सांगत नाहीत.

गुप्ततेचा प्रश्न आमच्या मते सर्वांत कठीण. धर्मग्रामात कोण कोणाची चुलती, कोण कोणाचा साडू, हे आबालवृद्धांस ठाऊक. संध्याकाळी सभागृहाच्या पायऱ्या कोण चढले, हे रात्रीच्या रोझरीपूर्वी तिसऱ्या आळीपर्यंत पोहोचते. मग ज्याच्या घरी खरेच काही जळत आहे तो येथे येईल काय? तो येणार नाही. कबुलीजबाबाची गुप्तता धर्मगुरूस बांधते. स्वयंसेवकास तशी शपथ नाही, परंतु ऐकलेले घरी आपल्या माणसापाशीही न बोलण्याचे वचन त्याने लिहून दिले पाहिजे, आणि ते मोडल्यास त्यास निरोप दिला पाहिजे, मग तो कितीही जुना सेवक असो. याखेरीज आम्हांस आणखी एक उपाय सुचतो. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ पासून धावत आहे. मरोळ नाक्यावरून घाटकोपरास जावयास आता फारसा वेळ लागत नाही. आपल्यापैकी काहींनी घाटकोपर किंवा मुलुंडच्या बाजूस जाऊन बसावे, तिकडील मंडळींनी येथे यावे. अनोळखी माणसापुढे मनुष्य मोकळा होतो. विलेपार्ल्यास अथवा विधी सेवेच्या केंद्रात जाऊन काम शिकून आलात तर अधिकच उत्तम; सर्व काही आपल्याच कुंपणात चालले पाहिजे असा हट्ट आम्हांस मुळीच नाही. आणि येथील टेबल ख्रिस्तजनांपुरते राहणार नाही, हे सांगावयास नकोच.

इतर कामे पुष्कळ आहेत, ती झटपट सांगतो. संगणक व मोबाइल जाणणाऱ्या तरुणांनी अर्ज भरावेत. माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज कसा लिहावा हे एका दुपारी शिकता येते, आणि त्यास तीस दिवसांत उत्तर देणे कचेरीस भाग आहे. कोकणी, गुजराती, तामिळ, हिंदी जाणणाऱ्यांनी दुभाष्याचे काम करावे. आपल्या जुन्या घरांतील बोली समजणारा एक तरी हवा, कारण ऐंशी वर्षांची आजी पुस्तकी मराठीत दुःख सांगत नाही. हिशेब कोणीतरी ठेवावा. आलेल्यास पाणी द्यावे व त्याचे लहान मूल क्षणभर सांभाळावे, हेही कामच आहे.

एक काम मात्र झटपट सांगून चालणार नाही: सोबत जाणे. कचेरीत एकटा गेलेला मनुष्य आणि दोघे गेलेले, यांना मिळणारी वागणूक निराळी असते, हे आपण सर्व जाणतो. फ्रेडरिक ओझानाम याने १८३३ साली पॅरिसमध्ये आपल्या विद्यार्थी मित्रांसह संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाची सभा स्थापिली, तिच्या सभासदांनी गरिबांच्या घरी जोडीने जावे अशी प्रथा पडली. ओझानाम स्वतः कायदा शिकलेला होता, लिआँ येथे तो व्यापारी कायदा शिकवीत असे. पण त्याने आपल्या मित्रांस कचेरी थाटून बसावयास न सांगता जिने चढावयास सांगितले. सोबत जाणाऱ्याने तेथे फार बोलू नये. कागद हाती ठेवावेत, ज्याशी बोलणे झाले त्याचे पद व ती वेळ लिहून घ्यावी, अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्यावाचून परत फिरू नये. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असा अर्ज.

दोन धोके सांगून पुरे करतो. पहिला, आश्वासनाचा. 'तुमचे काम होईलच' हे वाक्य केंद्रात उच्चारावयाचे नाही. दुसरा, पैशाचा. चहासुद्धा घ्यावयाचा नाही. आज चहा घेतला तर उद्या पेढे येतील, आणि परवा ज्याच्याकडे पेढ्यांस पैसे नाहीत तो पायरी चढणार नाही.

आम्हांस महोत्सवाच्या निधीतून काही नको आहे. टेबले आहेत, खुर्च्या आहेत, झेरॉक्सचा खर्च एका दात्याने पत्करला आहे. मागणे आहे ते आठवड्यातील दोन तासांचे, आणि किमान एका वर्षाच्या नियमाचे. उत्साहाने महिनाभर येऊन नाहीसे होणाऱ्यांनी कृपा करून येऊच नये. आजवर आलेल्या नावांत तीन वकील आहेत, एक निवृत्त बँक अधिकारी आहेत व संगणक जाणणारी चार मुले आहेत. पहिल्या टेबलाकरिता अद्याप एकच नाव आले आहे, ते एका शाळेतील निवृत्त शिपाईमामांचे. तीस वर्षे त्यांनी फाटकापाशी बसून पालकांची गाऱ्हाणी ऐकली आहेत. त्यांच्या जोडीस आणखी पाच जण तरी हवे आहेत, त्यांत निदान तीन स्त्रिया. नावांची वही फाटकाजवळ ठेविली आहे. जेवण आटोपेपर्यंत ती उघडी राहील.